वाफेची खेळणी आणि त्यांचे कारागीर

लहान मुलांच्या हाती आपण जी खेळणी देतो, त्यांतील बहुतेक मोठ्यांच्या जगाच्या नुसत्या प्रतिमा असतात. लाकडी घोडा दौडत नाही आणि भातुकलीच्या चुलीवर भात शिजत नाही. वाफेवर चालणारे खेळण्यातील इंजिन मात्र या नियमाला अपवाद आहे. कारण त्याच्या वीतभर देहात खरे पाणी उकळते, खरी वाफ कोंडली जाते, तिच्या दाबाने खरा दट्ट्या मागेपुढे सरकतो, आणि जे निसर्गनियम एके काळी गिरणगावातील प्रचंड यंत्रांना गती देत होते, तेच येथे बोटाएवढ्या पितळी नळकांड्यात तितक्याच काटेकोरपणे पाळले जातात. अशा यंत्रांचा संग्रह करण्याची ज्याला इच्छा झाली असेल, त्याने प्रथम ही गोष्ट मनाशी पक्की करावी. मग कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती सोडून द्यावी, याचा निवाडा करणे पुष्कळच सोपे जाते.

मोठे यंत्र आधी आणि त्याची लहान नक्कल मागाहून, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पण बाष्पयंत्राचा इतिहास पाहता लहान यंत्राने मोठ्याला वाट दाखविल्याचे दाखले सापडतात. ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या अध्यापनासाठी न्यूकोमेनच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती ठेवलेली होती. लंडनच्या उपकरणकाराकडे पाठवूनही ती दुरुस्त झाली नाही, तेव्हा १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती जेम्स वॉट याच्या हाती आली. दोन-चार ठोके देऊन ते यंत्र थांबे, आणि ते का थांबते याचा शोध घेता घेता वॉटच्या ध्यानात आले की, प्रत्येक ठोक्याला नळकांडे थंड करावयाचे आणि पुन्हा तापवावयाचे, या रीतीत बहुतेक वाफ व्यर्थ जाते. आकार लहान असल्यामुळे हा अपव्यय तेथे अधिकच उघड झाला होता. १७६५ साली त्याला वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती सुचली, तिचे मूळ या खोळंबलेल्या प्रतिकृतीत आहे. पुढे १७८४ मध्ये बोल्टन आणि वॉट यांच्या पेढीतील विल्यम मर्डॉक याने कॉर्नवॉलमधील रेडरुथ गावी टेबलावर मावेल एवढी तीनचाकी गाडी स्पिरिटच्या दिव्यावर चालवून दाखविली. त्रेव्हिथिकचे इंजिन रुळांवरून धावले ते त्यानंतर वीस वर्षांनी, १८०४ साली. ग्लासगोची ती प्रतिकृती आणि मर्डॉकची ती गाडी या दोन्ही वस्तू ब्रिटनमधील संग्रहालयांत आजही जतन करून ठेवलेल्या आहेत, आणि या छंदाच्या वंशावळीत त्यांचे स्थान मूळपुरुषांचे आहे असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील चष्मे, दुर्बिणी आणि वैज्ञानिक उपकरणे विकणारे दुकानदार पितळी आगगाडीची इंजिने विकू लागले. त्यांना रूळ नसत. दिवाणखान्याच्या जमिनीवरून ती धावत आणि मागे पाण्याची ओली रेघ सोडीत जात, म्हणून पुढे संग्राहकांनी त्यांना 'बर्मिंगहॅमची गळकी इंजिने' अशा अर्थाचे नाव दिले. तथापि हा व्यवसाय घरोघर पोहोचविला तो न्यूरेंबर्गने.

हे श्रेय न्यूरेंबर्गला लाभले ते योगायोगाने नव्हे. धातुकामाची शतकानुशतकांची परंपरा, पितळ आणि पत्रा घडविणाऱ्या कारागिरांचे संघ आणि दूरदूरच्या मुलखांशी चालणारा व्यापार हे तेथे पूर्वीपासूनच होते. जर्मनीतील पहिली वाफेची आगगाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी धावली तीही न्यूरेंबर्गहून फ्युर्थ या शेजारच्या गावाकडे, आणि तिचे 'आडलर' नावाचे इंजिन न्यूकॅसलच्या स्टीफन्सन यांच्या कारखान्यातून आलेले होते. १८६८ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने व्यवसायस्वातंत्र्य दिले, संघांचे जुने निर्बंध उठले, आणि त्यानंतर या शहरात खेळण्यांचे कारखाने झपाट्याने वाढले. एर्न्स्ट प्लांक याचा कारखाना १८६६ चा, जॉर्ज कारेत या फ्रेंच गृहस्थाचा १८८६ चा, डॉल आणि कंपनीचा १८९८ चा; परंतु या सर्वांना मागे टाकले ते इग्नाझ आणि अडोल्फ बिंग या बंधूंनी. टिनच्या घरगुती भांड्यांच्या घाऊक व्यापारापासून आरंभ करून पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांनी आपला कारखाना जगातील खेळण्यांच्या सर्वांत मोठ्या कारखान्यांच्या पंक्तीस नेऊन बसविला. 

या कारखान्यांचे खरे कौशल्य काटकसरीत होते. मोठ्या इंजिनात वाफ आत सोडण्यासाठी आणि बाहेर काढण्यासाठी सरकत्या झडपेची स्वतंत्र व्यवस्था लागते, आणि तिचे दांडे, सांधे व मापे यांतच खर्चाचा मोठा भाग जातो. खेळण्यांच्या कारखानदारांनी बहुशः डुलत्या नळकांड्याचा आश्रय घेतला: नळकांडे एका खिळीवर झुलते, दट्ट्याचा दांडा थेट चाकाच्या आऱ्याला जोडलेला असतो, चाक फिरले की नळकांडे एकदा या बाजूस व एकदा त्या बाजूस कलते, आणि त्याच्या सपाट पाठीवरील छिद्र आळीपाळीने वाफेच्या व निकासाच्या छिद्रांसमोर येते. नळकांडे स्वतःच झडपेचे काम करते, निराळा एकही भाग लागत नाही. एवढी साधी, एवढी निर्दोष आणि एवढी स्वस्त रचना मला यंत्रकलेच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी दिसते. बॉयलर पितळेचा किंवा निळसर झिलईच्या पोलादाचा, खाली विटांच्या बांधकामाचा ठसा उठविलेला पत्रा, शेजारी उंच धुराडे, एक शिट्टी, एक सुरक्षा-झडप. आणि यंत्राला दोरीने जोडण्यासाठी घण मारणारा लोहार, सहाण, कारंजे अशी चिमुकली साधने. जर्मन घरांत ही सारी सामग्री बहुधा नाताळात काढली जाई आणि सण सरला की पुन्हा माळ्यावर जाई; इतकी जुनी यंत्रे धड अवस्थेत आपल्यापर्यंत पोहोचली याचे एक कारण हेही असावे.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्दॅम्पटनच्या बॅसेट-लोक या तरुण व्यापाऱ्याची बिंग आणि कारेत यांच्याशी गाठ पडली, आणि त्यानंतर इंग्लिश रेल्वेच्या रूपारंगाची इंजिने न्यूरेंबर्गमध्ये तयार होऊन इंग्लंडात विकली जाऊ लागली. हा व्यवहार युद्धाने उद्ध्वस्त केला. कारेत फ्रेंच नागरिक होता; त्याला जर्मनी सोडावी लागली आणि १९१७ मध्ये त्याचा कारखाना बंद पडला. बिंग कारखाना १९३० नंतरच्या मंदीत मोडला. डॉल कंपनी १९३८ मध्ये नाझी अमलाखाली ज्यू मालकांच्या हातून काढून घेतली जाऊन फ्लाइशमान या कारखान्याकडे गेली. या घटना संग्राहकाने डोळ्यांआड करू नयेत; आपल्या फळीवर शोभणाऱ्या यंत्रामागे कोणाची कारागिरी हिरावली गेली आहे, हे ठाऊक असणे संग्रहाच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे.

जर्मन माल दुर्मिळ झाल्यावर इंग्लंडात नॉरफकमधील डेरम येथे जेफ्री बोमन जेंकिन्स याने, आणि १९३७ पासून बर्मिंगहॅममध्ये जेफ्री मालिन्स याने हा धंदा चालविला. मालिन्सची 'मामोद' यंत्रे आजही सहज मिळतात. जर्मनीत ल्यूडेनशाइडच्या विलेस्को कारखान्याने १९५० नंतर हीच परंपरा पुढे नेली. अमेरिकेतील वीडन आणि जेन्सन यांची यंत्रे जाणकारांना प्रिय आहेत. नवख्याने तिकडे सावकाश वळावे.

नवख्याने आरंभ मामोद किंवा विलेस्कोच्या एखाद्या साध्या, चालत्या यंत्रापासून करावा असे माझे निश्चित मत आहे. काचेच्या कपाटातील मूल्यवान बिंग इंजिनापेक्षा स्वतः पेटविलेले सामान्य यंत्र अधिक शिकविते: पाणी किती भरावे, वाफ धरण्यास किती वेळ लागतो, चाकाला बोटाने पहिला झोका केव्हा द्यावा. पाणी शक्य तो पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित असावे, नाही तर आत क्षार साचतात. तेल वाफेच्या नळकांड्यासाठी बनविलेले जाडच हवे, कारण पातळ तेल वाफेबरोबर धुऊन जाते. बॉयलर कोरडा पडू देणे हा सर्वांत मोठा प्रमाद होय, कारण सांधे कथलाच्या डाखाने जोडलेले असतात आणि पाणी संपताच तो डाख वितळतो. जुने यंत्र हाती आले, तर जाणत्याकडून थंड पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासून घेतल्याखेरीज ते पेटवू नये. सुरक्षा-झडप अडकलेली असेल, तर मुळीच नाही. जुन्या वाती व वेष्टणांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, तेव्हा ती कोरडी खरवडू नयेत.

विकत घेताना खुणा वाचण्याची सवय लावावी. बिंगच्या जुन्या यंत्रांवर 'जी.बी.एन.' ही अक्षरे असतात, महायुद्धानंतरच्या यंत्रांवर 'बी.डब्ल्यू.', प्लांकची खूण 'ई.पी.'. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती ब्रिटिश कायद्याने १८८७ मध्ये केली. त्यामुळे इंग्लंडात विकल्या गेलेल्या यंत्रावर जर्मनीचे नाव असल्यास ते बहुधा त्यानंतरचे समजावे. सर्वांत आधी हरवतो तो स्पिरिटचा दिवा, म्हणून मूळ दिव्यासह मिळणारे यंत्र थोडे महाग पडले तरी घ्यावे. आणि जुन्या पितळेला घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. निळी झिलई किंवा मूळ रंग एकदा गेला की तो कोणत्याही उपायाने परत येत नाही.

ज्यांना परदेशी यंत्र परवडत नाही, त्यांच्यासाठी आपल्या जत्रांत विकली जाणारी, तेलाच्या वातीवर फटफटत चालणारी पत्र्याची बोट आहे. तिचा उगम १८९१ मध्ये तोमा पियो याने ब्रिटनमध्ये घेतलेल्या पेटंटापर्यंत जातो. तिच्या पोटातील चपट्या डबीवर पातळ पत्र्याचे झाकण असते आणि डबीतून निघालेल्या दोन नळ्या मागे पाण्याखाली उघडतात. वात पेटली की डबीतील पाण्याची वाफ होऊन नळ्यांतील पाणी मागे फेकले जाते, वाफ निवताच पाणी पुन्हा आत ओढले जाते, आणि झाकण प्रत्येक वेळी वाजते. फेकलेले पाणी एका दिशेने सरळ मागे जाते, आत येणारे मात्र नळीच्या तोंडाभोवती सर्व बाजूंनी येते. म्हणून होडी पुढे सरकते. दट्ट्या नाही, चाक नाही, झडप नाही. तरीही हे पुरते बाष्पयंत्र आहे, आणि संग्रहाच्या यादीत त्याची नोंद पहिल्या क्रमांकावर करण्यास काहीच हरकत नसावी. घेताना एवढेच पाहावे की नळ्यांचे सांधे पक्के डाखलेले आहेत आणि झाकणाला चीर गेलेली नाही.