राजीनामा : एक शब्द आणि एक न्यायरीत

तंट्याचा निर्णय काय झाला याइतकेच तो कोणाच्या मुखाने व कोणत्या शब्दांनी झाला यालाही महत्त्व असते. मराठेशाहीतील न्यायविषयक कागदपत्रांचा भाषिक दृष्टीने विचार केल्यास याचा प्रत्यय येतो.

सतराव्या व अठराव्या शतकांत वतन, शीव, मानपान यांविषयीचे कलह बहुधा गोतसभेपुढे येत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्यासमवेत बलुतेदारही तीत असत. आरंभी उभय पक्षांकडून ‘राजीनामा’ घेतला जाई. ‘राजी’ म्हणजे संमत, ‘नामा’ म्हणजे लेख. सभेचा निर्णय मान्य करण्याचे हे पूर्वसंमतिपत्र होय. नंतर प्रत्येक पक्ष आपली ‘तकरीर’, म्हणजे कैफियत, सादर करी. स्थानिक गोत पक्षपाती वाटल्यास वाद ‘परस्थळी’ नेता येई. अखेरीस हरलेला पक्ष ‘यजितखत’ लिहून देई. त्यात आपला दावा टिकला नाही याची त्याने स्वतःच कबुली द्यावयाची असे.

या क्रमाचे मर्म उघड आहे. निवाड्यानंतरही वादी-प्रतिवादींना एकाच गावात, एकाच पाणवठ्याच्या व शिवाराच्या आधाराने नांदावयाचे असे. म्हणून प्रथम संमती, मग श्रवण आणि शेवटी स्वमुखाने स्वीकार, अशी ही योजना होती. केवळ लादलेल्या निवाड्याने वैर धुमसत राहण्याचा संभव अधिक.

तथापि या पद्धतीचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. पुराव्याने निर्णय न झाल्यास दिव्याचा अवलंब होई. रवादिव्यात तर उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावा लागे. शिवाय जातिश्रेणीने बांधलेल्या गावात दुर्बळाची संमती कितपत स्वेच्छेची होती, हा प्रश्न उरतोच.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायत टिकविण्याचा पुरस्कार केला. परंतु पुढे सरकारी न्यायालयांचा विस्तार होत गेला आणि पंचायत मागे पडली. मुंबई इलाख्याच्या महसूलव्यवहारात जमीन सोडणारा ‘राजीनामा’ आणि घेणारा ‘कबुलायत’ देऊ लागला. आज तर राजीनामा म्हणजे पदत्यागाचे पत्र. संमतीचा वाचक शब्द त्यागाचा वाचक झाला.

एका शब्दाच्या अर्थांतरावरून समाजाच्या स्थित्यंतराचा सिद्धांत मांडणे धाडसाचे होईल. परंतु १९८७ च्या कायद्याने लोक अदालतींना वैधानिक पाया मिळाला आणि तेथील निवाडाही उभयपक्षी तडजोडीवर आधारलेला असतो, हे ध्यानात घेता जुन्या राजीनाम्याने उपस्थित केलेला प्रश्न कालबाह्य ठरत नाही. सही मिळणे ही संमती नव्हे. ती देणाऱ्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले गेले काय, हे पाहणे अगत्याचे आहे.