हेलिकॉप्टर रशियाचं, इंजिन युक्रेनचं आणि खातं रुपयाचं

सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे आपल्या बेळगावात निवृत्त एअरमन पुष्कळ. आमचे दाजी त्यातलेच. चंदीगडच्या ३ बेस रिपेअर डेपोत मी-८ आणि मी-१७ हेलिकॉप्टरांचं ओव्हरहॉल होतं, तिथे त्यांची बरीच नोकरी झाली. मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर. त्यामुळे स्पेअर पार्टच्या टंचाईची एक बाजू त्यांनी पाहिली, दुसरी मी.

ही दोन्ही हेलिकॉप्टरं सख्खी भावंडं. ओळखायची खूण शेपटीला. मी-८ चा मागचा पंखा उजवीकडे, मी-१७ चा डावीकडे. मी-१७ ची इंजिनं जास्त ताकदीची, म्हणून ते डोंगरात कामाला येतं. डोक्यावरच्या पाच पात्यांच्या आत पोकळ दांडा असतो, त्यात दाबाने हवा भरलेली. बारीकशी चीर पडली की हवा सुटते आणि पात्याच्या मुळाशी लाल खूण दिसते. दाजी म्हणायचे, "आपल्याला दिसत नाही ते पातंच सांगतं बघ."

प्रत्येक मोठ्या भागाची स्वतंत्र कागदपत्रं असतात. ठरलेले तास भरले की भाग उतरवायचा, कितीही ठणठणीत दिसो. वर्षंही मोजतात, शेडमध्ये नुसतं उभं राहिलं तरी आयुष्य सरतं. आमच्या मुदत ठेवीसारखंच, तारीख आली की आली. म्हणून नवीन भाग सतत यायला लागतात.

ते यायचे सोव्हिएत युनियनमधून, आणि पैसे रुपयात फिटायचे. आपण चहा, कॉफी, तंबाखू, होजिअरी पाठवायची, त्यांनी यंत्रं आणि शस्त्रं. डॉलरला हात लावायची गरज नाही. १९९१ च्या डिसेंबरात त्या एका देशाचे पंधरा झाले. मी-१७ ची जोडणी कझान आणि उलान-उदेला, ती शहरं रशियात राहिली. इंजिनं झापोरिझ्झियाची, ते गेलं युक्रेनमध्ये. एकाच हेलिकॉप्टरसाठी आता दोन सरकारं, आणि दोघांनाही डॉलर हवेत. त्याच वर्षी आपण सोनं परदेशात गहाण टाकलं होतं! जुन्या कर्जाचा हिशेब १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा ठरला. त्यातला काही हिस्सा तर ४५ वर्षांत बिनव्याजी फेडायचा. बँकवाल्याला असा करार जन्मात एकदाच वाचायला मिळतो. पण त्याने जुनी देणी मार्गी लागली, नवीन गिअरबॉक्सला रोख डॉलरच लागत होते.

डेपोत मग उभ्या मशीनचा भाग काढून उडत्या मशीनला लावायचे दिवस आले. दाजींना ते काम मुळीच आवडायचं नाही. एका भागासाठी दुप्पट मेहनत, आणि उभं होतं ते आणखी लुळं.

२८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ आपलं मी-१७ स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. चौघं गेले. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारी फ्लेअरची यंत्रणा त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. हे स्पेअरचं प्रकरण नव्हे, दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये असं माझं मत. दाजींना ते पटलं नाही. "नसलेली वस्तू ती नसलेलीच," एवढंच बोलले आणि जेवण अर्धं टाकून उठले.

मी-८ ला डिसेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूजवळ येलहंकाला निरोप दिला, ४५ वर्षांच्या सेवेनंतर. दाजींचे जुने सोबती गेले होते. यांचे गुडघे दुखत होते. त्यांनी फोनवर प्रत्येकाला एकच विचारलं, शेवटच्या दिवशी उडालं ना नीट?