पहिला टप्पा : स्लीव्ह शस्त्रक्रियेचा इतिहास

११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. सैफी रुग्णालयात त्यांना क्रेनने उचलून न्यावे लागले. ७ मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या चमूने त्यांच्यावर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी केली. वृत्तपत्रे किलोंच्या आकड्यांत गुंतली होती. अधिक बोलका होता तो शस्त्रक्रियेचा निवडलेला प्रकार.

स्थूलतेवरील शस्त्रक्रियांचा आरंभ १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटात झाला, तो आतड्यापासून. लहान आतड्याचा बराच भाग वगळून अन्न थेट पुढे नेले की वजन उतरे. पण त्याबरोबर अतिसार, मूतखडे आणि प्रसंगी यकृताचा ऱ्हासही येई. अखेर ती वाट सोडावी लागली. १९६६ मध्ये आयोवाचे एडवर्ड मेसन जठराकडे वळले. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण कृशच राहतात, हे सर्वज्ञात होते. मेसन यांनी त्या उपद्रवालाच उपचार केले: जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडली. हाच गॅस्ट्रिक बायपास. जठराभोवती आवळायचा सिलिकॉनचा पट्टा नंतर आला, गाजला आणि बराचसा मागेही पडला.

स्लीव्हचा जन्म मात्र जवळजवळ योगायोगाचा. जठराचा सुमारे पाऊण भाग उभा कापून काढायचा आणि अरुंद नळी तेवढी ठेवायची, ही मुळात आतड्याच्या वळणासह केल्या जाणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेची केवळ एक पायरी होती. २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅनिए यांच्या चमूला अतिस्थूल रुग्णांसाठी ती संपूर्ण शस्त्रक्रिया फार धोक्याची वाटली. म्हणून आधी फक्त जठर कापावे, वजन उतरल्यावर उरलेले काम करावे, असे ठरले. काही रुग्णांचे वजन इतके घटले की दुसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही.

पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधलेले घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या, फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. बायपासनंतर मधुमेहींची रक्तशर्करा वजन घटण्याआधीच, काही दिवसांत उतरते, हेही १९९० च्या दशकात ठळकपणे समोर आले होते.

इमान यांच्या बाबतीत स्लीव्ह पुन्हा आपल्या मूळ भूमिकेत आली: जोखमीच्या रुग्णासाठी पहिली पायरी. तपासणीत लेप्टिन या संप्रेरकाच्या ग्राहीशी निगडित जनुकात दोष आढळल्याचे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे तृप्तीचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचण्याची वाटच सदोष, आणि ती कात्रीने दुरुस्त होणारी नव्हे. वजन किती घटले यावरून रुग्णालय व कुटुंबीय यांच्यात जाहीर वाद झाला. ४ मे रोजी त्यांना अबुधाबीला हलवण्यात आले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. दुसरा टप्पा आलाच नाही.