मुंबईचा मे महिना: एका नगराच्या उन्हाळी विहाराचा वृत्तांत

जुबिलीचा प्रसंग आला म्हणजे देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, ह्यांची आठवण साहजिकच निघते. त्या थोर विषयांस हात घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाहीं. आम्हीं एक हलकासा विषय पत्करला आहे. मुंबईसारख्या समुद्रकांठच्या नगरांत वैशाखाच्या उकाड्यांत मुलांबाळांसह लोक कोठें जात, काय पाहत, कोणत्या निमित्तानें एकत्र जमत, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. परंतु ह्या मौजेच्या स्थळांचा पूर्वेतिहास शोधूं लागलों तेव्हां एक गोष्ट वारंवार आढळून आली. त्यांतील पुष्कळशीं स्थळें मौजेकरितां निर्माण झालेलींच नव्हेत. एकाच्या मुळाशीं तहान आहे, दुसऱ्याच्या मुळाशीं महामारी, तर तिसऱ्याच्या मुळाशीं खाडींत उलटलेल्या होड्या.

उन्हाळा म्हणजे सुटी, असें दोनशें वर्षांपूर्वींच्या मुंबईकरास कोणी सांगितलें असतें तर तो हंसला असता. त्या काळीं इंग्रज अंमलदार कोटाबाहेरील मैदानावर बांबूंचे व तट्ट्यांचे तात्पुरते बंगले उभारून वाऱ्यावर राहत आणि पावसाळा तोंडाशीं आला कीं ते मोडून पुन्हां कोटांत शिरत. ही चैन मूठभरांची. इतरांच्या वाट्यास विहिरी आणि तलाव. चोहोंकडे समुद्र, पण पिण्यास पाणी नाहीं, अशी ह्या बेटाची जुनी व्यथा. धोबी तलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव हीं नांवें आज केवळ रस्त्यांना आणि वस्त्यांना चिकटून राहिलीं आहेत. तलाव केव्हांच बुजले. १८५० नंतरच्या दशकांत टंचाई इतकी विकोपास गेली कीं शहरांतील गुरें बाहेर हलविण्याची पाळी आली. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी मुंबईंत आलें, १८७९ सालीं तुळशीचें आणि १८९२ सालीं तानसाचें. तेव्हां कोठें उन्हाळ्याची धास्ती कमी झाली.

हें पाणी सांठविण्यास मलबार टेकडीवर टांक्या बांधल्या, आणि त्यांच्या छपरावर माती पसरून १८८१ सालीं बाग केली. तीच पुढें फिरोजशहा मेहता ह्यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. लोक मात्र तिला हँगिंग गार्डनच म्हणतात. हिरव्या झुडपांचे हत्ती-घोडे पाहत मुलें जेथें धांवतात, तेथें त्यांच्या पायांखालीं शहराचें पिण्याचें पाणी आहे, हें किती आईबापांनीं त्यांस सांगितलें असेल कोण जाणे! समोरच्या कमला नेहरू उद्यानांतील म्हातारीचा बूट १९५२ सालचा. तो मात्र निव्वळ मुलांकरितांच बांधला, आणि त्याला दुसरें कांहीं प्रयोजन नाहीं, हेंच त्याचें भूषण होय.

वांद्र्यास जाणें हीही आज सहलीची गोष्ट. १८४५ पूर्वीं माहीमहून वांद्र्यास जावयाचें तर खाडी होडीनें ओलांडावी लागे, आणि होड्या उलटून माणसें बुडत. सर जमशेदजी जिजीभाईंच्या पत्नी लेडी अवाबाई ह्यांनीं १,५७,००० रुपये दिले, जाणाऱ्यायेणाऱ्यांवर पट्टी बसवूं नये अशी अट घातली, आणि १८४५ सालीं माहीमचा बांध खुला झाला. आठच वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, मुंबईनें असा एक तमाशा पाहिला कीं त्याला तोड नाहीं. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि रुळांच्या दुतर्फा लोकांची दाटी. दुपारचे साडेतीन वाजून गेलेले, म्हणजे उन्हाचा ताप कांहीं कमी नव्हता. पण त्या दिवशीं उन्हाची तक्रार कोणी केली असेल असें वाटत नाहीं.

राणीच्या बागेविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं, कारण तेथें न गेलेला मुंबईकर विरळा. १८६२ सालीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या पत्नीनें ती उघडली आणि १८७३ सालीं ती म्युनिसिपालिटीकडे आली. मूळ हेतु वनस्पतींचा अभ्यास व संवर्धन हा होता. वाघ-सिंहांमुळें झाडांचें महत्त्व मागें पडलें, ही आमच्या मतें खेदाची गोष्ट आहे. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें असून २०१७ पासून तेथें पेंग्विन पक्षीही पाहावयास मिळूं लागले. दारांतच १८७२ सालच्या मे महिन्यांत उघडलेलें संग्रहालय आहे, त्यास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव दिलें आहे. त्याच्या बाजूस उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. तो विलायतेस नेण्याच्या खटपटींत फुटला, आणि तुकडे जोडून १९१४ सालीं येथें उभा केला गेला. ज्या हत्तीवरून बेटाला एलिफंटा हें नांव पडलें तो पाहण्यास होडी करून समुद्रापलीकडे जाणारे निराश होतात. हत्ती येथें भायखळ्यास आहे.

आतां आमच्या विषयाच्या गाभ्याकडे वळतों. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीच्या वस्तींत डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्यानें प्लेग ओळखला. नंतरच्या कांहीं महिन्यांत कित्येक लक्ष लोक शहर सोडून पळाले. त्या काळांत मुंबईच्या गांवठाणांत ठिकठिकाणीं क्रूस उभे राहिले. खोताची वाडी, माझगांवची माथारपाखाडी, वांद्र्याचें रानवर, चिंबई, कलिना, मरोळ, मनोरी, गोराई. जेथें जेथें ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती होती तेथें तेथें नाक्यावर, विहिरीजवळ, वाडीच्या तोंडाशीं दगडाचा किंवा लांकडाचा क्रूस दिसतो. कांहीं त्याहून जुने आहेत. परंतु पुष्कळांचा संबंध त्या महामारीशींच जोडला जातो. देवळांत गर्दी करणें धोक्याचें, घरांत राहणें त्याहून धोक्याचें, तेव्हां उघड्या आकाशाखालीं शेजाऱ्यांनीं एकत्र उभें राहून प्रार्थना करावी, हा त्यांतला सरळ अर्थ.

ह्या प्लेगची एक विशेष गोष्ट अशी कीं, फेब्रुवारी-मार्चांत त्याचा जोर असे आणि कडक उन्हाळा लागतांच तो ओसरूं लागे. म्हणजे ज्या उन्हाला आपण शिव्या देतों, तें ऊन त्या वर्षांतील मुंबईकरांस वैऱ्याची पाठ दिसल्यासारखें वाटत असले पाहिजे. मे महिना मारियामाउलीचा, आणि ३ मे हा पवित्र क्रूस सांपडल्याचा सण, हें तर पूर्वींपासूनच होतें. दोन्ही गोष्टी जुळून आल्या. मे महिन्यांत संध्याकाळीं क्रूसास फुलांच्या माळा चढवाव्या, दिवे लावावे, जपमाळ व लितानी म्हणावी, आणि अखेरीस मुलांच्या ओंजळींत उकडलेले चणे पडावे, ही वहिवाट आज शंभराहून अधिक वर्षें चालत आलेली आहे. प्रार्थना संपली तरी लोक लगेच घरीं जात नाहींत. खाटा, बांकें, पायऱ्या जें सांपडेल त्यावर बसून गप्पा चालतात, मुलें लपंडाव खेळतात, परगांवीं दिलेल्या लेकी माहेरीं आलेल्या असतात त्यांची विचारपूस होते. ज्याला कौटुंबिक मनोरंजन म्हणतात तें ह्याहून निराळें काय असतें?

प्लेगचा दुसरा परिणाम रस्त्यांच्या रूपानें दिसतो. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्ती फोडून समुद्राचा वारा आंत यावा ह्या उद्देशानें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड असे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे रुंद मार्ग काढण्यांत आले. संध्याकाळीं हवा खाण्यास चौपाटीकडे निघणारीं कुटुंबें ह्याच वाऱ्याच्या वाटेनें उलट दिशेस चालूं लागलीं. डॉ. व्हिएगस १९०६ सालीं म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर आहे, आणि सुटीच्या दिवशीं सिनेमास जाणारे त्याच्या समोरून जातात.

गांवठाणांतील मे महिन्याचें वर्णन बाटली मसाल्यावांचून पुरें व्हावयाचें नाहीं. एप्रिल-मेच्या उन्हांत अंगणांत चटया पसरून त्यांवर मिरच्या, हळकुंडें, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर वाळत घातलेलें असे. जिन्नस एकूण पंचवीस-तीस. प्रत्येक घराचें प्रमाण निराळें, आणि तें शेजारणीस सांगावयाचें नाहीं असा अलिखित नियम. मसाला कुटणाऱ्या बायका ह्या गांवठाणांतून त्या गांवठाणांत हिंडत. उखळाभोंवतीं दोघी-तिघी उभ्या राहून मुसळें अशीं आळीपाळीनें घालीत कीं एकीचें दुसरीला लागत नसे, आणि तो ठेका गल्लीच्या टोंकापर्यंत ऐकूं येई. मुलांना जवळ येण्यास बंदी असे, आणि म्हणूनच तीं शिंकत, डोळे चोळीत तेथेंच घोटाळत. तयार मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला कीं वर्षभर टिके.

ईस्टरनंतर लग्नांचे दिवस येत. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजंत्रीसह विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणावयाचें, हा ईस्ट इंडियन घरांतील जुना विधि. ह्या समाजानें हें नांवही उन्हाळ्यांतच आणि जुबिलीच्याच वर्षीं पक्कें केलें; राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सालीं, २६ मे १८८७ रोजीं, बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. विहिरींवर मात्र पुढें संकट आलें. १९११ सालीं डॉ. बेंटली ह्यांनीं हिंवतापाच्या कारणांविषयीं अहवाल सादर केला. रोगाचे डांस घरगुती विहिरींत वाढतात असें त्यांचें म्हणणें. त्यानंतर कित्येक विहिरी बुजविल्या किंवा झांकल्या गेल्या. पारशी, हिंदु व इतरांनीं आपापल्या धर्मविधींसाठीं विरोध केला. वैद्यकीय दृष्ट्या डॉक्टरांचें म्हणणें खरें होतें हें मान्य केलेंच पाहिजे. तरी ज्या वाडींत विहीर राहिली नाहीं तेथील नवरीच्या आईस काय वाटलें असेल, ह्याची नोंद कोणत्याही अहवालांत नाहीं.

ह्याच दिवसांत मुंबईचा एक मोठा भाग मुंबई सोडून जात असे. कोंकणांतले चाकरमानी आणि धोबी तलाव-माझगांवच्या कुडांत राहणारे गोमंतकीय मे महिन्यांत आगबोटीनें गांवीं निघत. वळकट्या, ट्रंका, मुलें, कोंबड्या ह्यांसह धक्क्यावर जी झुंबड उडे तीच एक जत्रा. पावसाळ्यांत बोटी बंद होत, म्हणून परतीचा दिवस पंचांगापेक्षां समुद्र ठरवी. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली आणि हा प्रवास सुखाचा झाला. आगबोटीच्या डेकवर रात्रभर पांघरूण घेऊन तारे मोजलेल्या वृद्धांस विचाराल तर ते सुखाचा अर्थ निराळा सांगतील.

राहिलेल्या स्थळांचा धांवता उल्लेख करतों. समुद्रांत भर घालून केलेला मरीन ड्राइव्ह १९४० च्या सुमारास आजच्या रूपास आला; तेथील इमारतींस २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, पण कठड्यावर बसण्यास पैसा पडत नाहीं हाच त्याचा खरा मान. १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि कांचेपलीकडचा समुद्र पाहण्यास मुलांच्या रांगा लागल्या. १९५९ सालीं सुधा करमरकर ह्यांनीं लिटल थिएटरतर्फें रत्नाकर मतकरींचें ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणलें. तेव्हांपासून सुटींतील बालनाट्य हा मराठी घरांतला नेमच होऊन बसला. १९७७ सालीं वरळीस नेहरू तारांगण आलें, आणि भर दुपारीं थंडगार अंधारांत बसून नक्षत्रें पाहण्याची सोय झाली.

वृत्तांत येथवर आणला, तों महिन्याची अखेर येते. ३१ मे रोजीं क्रूसापुढें शेवटची लितानी होते. त्या संध्याकाळीं चणे अंमळ जास्त शिजवितात, कारण पाहुणे परत निघावयाचे असतात. मसाल्याच्या बाटल्या त्यांच्या पिशव्यांत भरल्या जातात. आकाशांत पश्चिमेकडे ढग जमूं लागलेले असतात, आणि माळा उतरविणारीं मुलें वर पाहत म्हणतात, उद्यां नाहीं तर परवां येईल.