घरामागची संरक्षक भिंत कललीय? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उतार कापून घर बांधलं की पाठीमागची माती धरून ठेवावी लागते. कुठे मेढी रोवून आडव्या बल्ल्या लावतात, कुठे बिनसिमेंटची दगडी पौळ रचतात. चार-पाच पावसाळे निघतात आणि मग भिंत पोट काढते. लोक भिंतीला दोष देतात, पण बहुतेक वेळा भिंत पाडतं ते मागे तुंबलेलं पाणी.

हिशोब साधा आहे. तीन फूट उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं तर प्रत्येक फूट लांबीवर सव्वाशे किलोच्या आसपास रेटा येतो. भिंत सहा फूट असेल तर तोच रेटा पाचशे किलोवर जातो. म्हणजे उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. ओल्या मातीचा दाब वेगळाच.

दुखणं कुठलं, ते कसं ओळखायचं?

भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा. तळाशी अंतर किती पडतं ते मोजून तारखेनिशी लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजा. कल तेवढाच राहिला तर सवड आहे, वाढत असेल तर नाही. मधोमध फुगवटा असेल तर मागे पाणी साचतंय, किंवा रचताना आत खोल जाणारे लांब दगड घातलेले नाहीत. माथा पुढे झुकला असेल तर मेढी कमी खोल आहेत किंवा पाया भिजून मऊ झालाय. पायथाच सरकला असेल तर पागोळ्यांचं किंवा गटाराचं पाणी तळ कोरतंय का ते बघा.

लाकूड वरून ठणठणीत दिसतं, त्यावर जाऊ नका. मेढ कुजते ती नेमकी जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. तिथे पहारीचं टोक टोचून बघा. सहज आत घुसलं तर ती मेढ गेली. वाळवीची मातीची नळीही तिथेच दिसते.

दुरुस्ती

भर पावसात भिंतीचा पायथा उकरायचा नाही. तेवढ्यात वरच्या अंगाला, भिंतीपासून लांब, चर काढून पाणी बाजूला वळवता येतं. खरं काम दिवाळीनंतर, मृगाच्या आत.

दगडी पौळीला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारायची हौस अनेकांना असते. त्याने भिंत दिसते छान, पण दगडांच्या फटींतून निघणारं पाणी कोंडतं, म्हणजे पैसे देऊन भिंत पाडण्याचीच सोय. त्यापेक्षा फुगलेला भाग वरून खाली उतरवावा. सगळी भिंत एकदम उघडी करू नये, सहा-सात फुटांचा तुकडा घ्यावा. पाया कडक मुरमापर्यंत न्यावा. सहा फूट उंचीला साधारण फूटभर कल डोंगराकडे द्यावा. मागे फूटभर रुंद खडी किंवा बारीक डबर भरावा, चिकण माती नको. सिमेंटची जोडाई असेल तर तळाजवळ चार-पाच फुटांवर बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाइप ठेवावेत. लाकूडच वापरायचं असेल तर मेढ जेवढी वर तेवढी जमिनीत हवी, आणि ती कायमची नाही हे धरून चालावं. तारेच्या जाळीत दगड भरलेली गॅबियनची भिंत पाणी अडवत नाही, म्हणून या पट्ट्याला ती जास्त मानवते. माथ्यावर वाळा लावला तर मुळं माती धरतात.

चार फुटांवर उंची असेल किंवा भिंतीला लागून घर असेल तर गवंड्यावर न भागवता अभियंत्याला दाखवावं.

डोंगरच हलत असेल तर मात्र यातलं काही कामाचं नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर जो कडा आला, तसल्या दरडीपुढे घरामागची भिंत टिकत नाही. वर जमिनीला नवी भेग पडली, झाडं तिरकी झाली, झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं, दारं-खिडक्या अडकू लागल्या, तर भिंतीकडे बघत बसू नये. माणसं आणि जनावरं घेऊन बाहेर पडावं, मग सरपंच, तलाठी किंवा जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवावं. जुन्नरकरांनी जुन्नरच्या, आंबेगावकरांनी घोडेगावच्या तहसील कार्यालयात लेखी अर्जही द्यावा, सोबत भेगेचा तारखेसह फोटो जोडावा.