व्हॅक्यूम गळती, फोक्सवॅगन कॅम्परमधील

एंजिन चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तडकलेला पाइप, सैल क्लॅम्प किंवा झिजलेले गास्केट यांतून आत ओढल्या जाणाऱ्या जादा हवेस व्हॅक्यूम गळती म्हणतात. फोक्सवॅगन टाइप २ या गाडीच्या वेस्टफालिया कॅम्परमध्ये रबरी भाग वयोमानाने कडक होत असल्याने हा दोष वारंवार आढळतो.

कारण. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टाइप २ गाड्यांना १९७५ पासून बॉशची एल-जेट्रॉनिक इंधन-यंत्रणा बसवली जाई. तिच्यात आत येणारी हवा एका झडपेने मोजली जाते व त्यानुसार पेट्रोल सोडले जाते. झडपेनंतर शिरलेली हवा मोजणीत येत नाही; मिश्रणात पेट्रोल कमी पडते. क्रँककेसची हवाही इनटेकमध्येच जात असल्याने तेलाचे झाकण वा डिपस्टिकचे सील नीट न बसल्यासही असेच घडते.

लक्षणे. आयडलिंग वरखाली होणे, गाडी बंद पडणे, वेग घेताना अडखळणे, सायलेन्सरमध्ये फटाके वाजणे, फुसफुस आवाज येणे. हवेने थंड होणाऱ्या या एंजिनात पातळ मिश्रणामुळे सिलिंडर हेड तापतात, म्हणून दुरुस्ती लांबवू नये.

निदान. आधी झडपेपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी नळ वाकवून भेगा पाहाव्यात. मग मॅनिफोल्डचे रबरी जोड, इंजेक्टरची सील व डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पाइप तपासावा. आयडलिंगवर तेलाचे झाकण उघडावे : निर्दोष एंजिन डगमगते किंवा बंद पडते, काहीच फरक न पडल्यास मोठी गळती आधीपासून आहे असे समजावे. ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटून आयडलिंग सुधारले, तर दोष त्या बाजूला असतो. समुद्रसपाटीजवळ चांगल्या एंजिनात व्हॅक्यूम गेजचा काटा साधारण १६ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. उंची दर ३०० मीटरने वाढली की वाचन सुमारे १ इंचाने उतरते. स्थिर पण कमी वाचन गळतीचे असू शकते. मात्र चुकलेल्या इग्निशन टायमिंगनेही तसे होते. सर्वांत खात्रीची चाचणी धुराची : बंद एंजिनाच्या इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडला की तो फटीतून बाहेर दिसतो. ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्यात आगीचा धोका असतो.

गळती बंद होईपर्यंत मिश्रणाचा स्क्रू किंवा झडपेची स्प्रिंग फिरवू नये. तसे केल्यास आयडलिंग तात्पुरते सुधारते, पण मूळ दोष झाकला जातो आणि पुढे योग्य पाइप बसवल्यावर मिश्रणात पेट्रोल नको तितके वाढते.