मुंबईत इंग्रजी आली कुठून?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, विद्यापीठात इंग्रजी आली ती मेकॉलेमुळेच ना? आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं तसंच सांगत आलो. पण मेकॉलेचं 1835चं टिपण कलकत्त्याचं. मुंबईचा रस्ता शोधायला बसलो, तेव्हा आमची पंचाईत झाली.

मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी 1820च्या दशकातच गणिताची पुस्तकं मराठीत करून घेतली होती. म्हणजे शास्त्रं मराठीत शिकवता येत नाहीत, हे कारण तर गेलंच. पुढे 1840च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी म्हणत, पैसा थोडा आहे, तो वरच्या वर्गाच्या इंग्रजी शिक्षणावर घाला. त्यांच्या विरोधात कोण? जर्व्हिस, आणि जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही एतद्देशीय सभासद. गंमत बघा, एक इंग्रज मराठीसाठी भांडतोय! तरी पारडं पेरींकडेच झुकलं.

का झुकलं? आम्ही तत्त्वज्ञानवाले. प्रत्येक घटनेमागे एखादी मोठी कल्पना शोधायची खोड. इथे सापडली ती नोकरी. 1844 साली हार्डिंज यांनी सरकारी नेमणुकांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यायचं ठरवलं. मग आईबापांना कुणी वेगळं समजावायची गरज उरली नाही.

आणि 1857चं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर काढलेलं, म्हणजे मुळात परीक्षा घेणारं. शिकवायचं कॉलेजांनी. पण परीक्षा ज्या भाषेत, शिकवणं त्याच भाषेत, हे आपोआप ठरतं. माध्यम म्हणून सोडाच, 1860च्या दशकात मराठी हा विषयसुद्धा वरच्या परीक्षांतून गेला. तो परत आणायला न्यायमूर्ती रानड्यांना सिनेटमध्ये झगडावं लागलं, त्यात कित्येक वर्षं गेली.

उलट उदाहरण हैदराबादचं. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दूत सुरू झालं, भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून. निजामाचं राज्य गेलं, नोकरीची भाषा बदलली, तशी तिथली उर्दूही गेली.

आम्ही स्वतः तीस वर्षं कांट मराठीत शिकवला, त्याचा अभिमानही मिरवला. मुलाच्या शाळेच्या अर्जावर मात्र 'माध्यम' या रकान्यात काय लिहिलं, ते आमच्या सौ.ना विचारा. त्या पुढच्याच रांगेत बसल्यात.